घराखालचे रांजण

इ.स. १५९६ चा फेब्रुवारी. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याला मोगलांचा वेढा पडून दोन महिने होत आले होते. बाहेर शाहजादा मुराद आणि अब्दुर रहीम खानखानान, आत निजामशाहीच्या नावाने किल्ला लढवणारी चांदबीबी. तोफ दिसते, तिचा आवाज येतो, तिच्या माऱ्याचा अंदाज बांधता येतो. किल्ल्यातल्या शिबंदीची झोप उडवली होती ती पायाखालच्या शत्रूने. मोगलांचे बेलदार जमिनीखालून तटाकडे सरकत होते. तटाच्या पायाशी पोकळी करायची, तिच्यात दारू ठासायची, तोंड दगडमातीने बुजवायचे आणि योग्य क्षणी बत्ती द्यायची, असा तो बेत होता.

या वेढ्याची तपशीलवार हकिकत लिहून ठेवली ती फिरिश्ताने. तो तरुणपणी नगरच्या दरबारात वावरलेला आणि पुढे विजापुरात बसून दख्खनचा इतिहास लिहिणारा. तो सांगतो की मोगलांच्या गोटातल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी याला आतल्या लोकांची दया आली आणि त्याने रात्री सुरुंगांची बातमी किल्ल्यात पोचवली. मग आतूनही खणायला सुरुवात झाली. दोन सुरुंग हाती लागले, त्यांतली दारू काढून घेतली. तिसऱ्यापर्यंत माणसे पोचली असतानाच बाहेरून बत्ती दिली गेली. खणणारे तिथेच गेले आणि तटाला मोठे खिंडार पडले.

यानंतर जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. मोगल सैन्य लगेच खिंडाराकडे धावले नाही. उरलेले सुरुंग उडायची ते वाट पाहत राहिले. ते सुरुंग आतून केव्हाच रिकामे झाले होते, हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. तेवढ्या अवधीत चांदबीबी बुरखा घेऊन, हाती नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली, पळायच्या बेतात असलेले सरदार परत फिरले आणि रात्रीतून तट पुन्हा उभा राहिला. शेवटी वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला. चांदबीबीच्या शौर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या दिवशी नगर वाचले ते अंधारात, मातीखाली, दारूच्या पोकळीपर्यंत हाताने पोचलेल्या अनामिक खोदणाऱ्यांमुळेही, आणि त्यांची नावे कोणत्याच तवारिखेत नाहीत.

नगर जिल्ह्यात जमिनीखालच्या गोष्टींना तोटा नाही. किल्ला म्हटला की भुयार आलेच, वाडा म्हटला की तळघर, आणि तळघर म्हटले की हंडा आणि त्याच्यावर वेटोळे घालून बसलेला नाग. प्रत्यक्षातही या मातीखाली बरेच काही आहे. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून शहरात पाणी आले ते जमिनीखालून घातलेल्या खापरी नळांमधून. शहराबाहेरच्या डोंगरावर ‘चांदबीबी महाल’ म्हणून लोक जी उंच अष्टकोनी इमारत दाखवतात ती खरे तर निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे, आणि त्या माणसाचे दफन तिच्या तळघरात आहे. वर वारा, उजेड, सहलीला आलेली मुले, खाली कबर.

भीतीलाही तिथे खरी कारणे होती. पूर्वी धान्य साठवायला जमिनीत पेव खणत. महिनोन्महिने बंद असलेल्या पेवात धान्याच्या श्वसनाने कर्बवायू साचतो आणि प्राणवायू संपतो. झाकण काढून लगेच उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. जाणती माणसे आधी कंदील सोडून पाहत. ज्योत विझली तर थांबत. जुन्या विहिरींचेही तसेच. ज्याला वायूचे रसायन माहीत नाही त्याने ‘खाली काहीतरी बसले आहे, ते ओढून घेते’ असे म्हटले तर त्यात वेडेपणा नव्हता. निरीक्षण बरोबर होते, कारण चुकीचे होते.

जमिनीखालचे दिसावे म्हणून माणसाने काय काय केले! पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला, डोळ्यांत अंजन घातले की पुरलेले धन दिसते, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्यालाही पायाळू असणे हे भूषण. या समजुतीची एक बाजू फार काळी आहे. गुप्तधनासाठी नरबळी दिल्याच्या घटना आपल्या काळातही घडल्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. धन आणि पाणी ही दोन्ही एकाच कलमात यावीत, यातच या कोरड्या मुलखाचे दुखणे कळते. याच मुलखात, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर घेणे बंद केले, पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायला सुरुवात केली आणि वर्षाचे पीक त्या ताळेबंदावरून ठरवले. जमिनीखालचे पाणी पाहायला तिथे अंजन लागले नाही.

मराठी भयकथेने हे सगळे सामान उचलले आणि उत्तम वापरले. नारायण धारप (१९२५–२००८) हे मूळचे विज्ञानाचे पदवीधर, रसायनाच्या शाखेतले. शंभरावर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाच्या कथांत अमंगळ शक्ती बहुधा एखाद्या जागेला चिकटलेली असते, बंद खोलीला, जुन्या वास्तूला, तळघराला. पात्रे मात्र शिकलेली, तर्काने चालणारी. जागेचा इतिहास शोधल्याशिवाय त्यांची सुटका होत नाही. धारपांच्या कथेची प्रेरणा मानणारा ‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट २०१८ मध्ये आला, तेव्हा वाड्याच्या पोटातल्या त्या लाल, ओल्या, स्पंदणाऱ्या गाभाऱ्याने मराठी प्रेक्षकाला अनोळखी असे काही दाखवले नव्हते. हंडा, तळघर, राखणदार, हाव: ही आजीच्या गोष्टींतलीच मंडळी होती.

परदेशातही हीच ओढ दिसते. १९२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात एच. पी. लव्हक्राफ्टची ‘द रॅट्स इन द वॉल्स’ ही कथा छापून आली. इंग्लंडमधल्या पूर्वजांच्या वास्तूत राहायला आलेल्या माणसाला भिंतींतून उंदीर खाली धावत असल्याचे आवाज येतात. तो शास्त्रज्ञांना बोलावतो. ते तळघरात उतरतात, तळघराखाली रोमन काळाचे बांधकाम लागते, त्याच्याही खाली त्याहून प्राचीन काहीतरी, आणि अखेर माणसांच्या हाडांनी भरलेली विवरे. पायरीगणिक काळ मागे जातो आणि प्रत्येक थर आधीच्याहून भीषण निघतो. ही कल्पना लव्हक्राफ्टला सुचावी असाच तो काळ होता. त्याच वर्षी २० सप्टेंबरला सर जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून हडप्पा आणि मोहेंजोदडोची बातमी जगाला दिली. जितके खोल तितके जुने, हे भूशास्त्र आणि पुरातत्त्व या दोघांचेही सूत्र. भयकथेने त्यात ‘आणि जितके जुने तितके अघोरी’ एवढी भर घातली.

ही भर खरी आहे का? नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठाने १९५० ते १९७९ या काळात जे खोदकाम झाले, त्यात या प्रश्नाला मिळालेले उत्तर कोणत्याही भयकथेपेक्षा गुंतागुंतीचे आहे.

गावाची जमीन आपल्याकडे काळी आणि पांढरी अशी ओळखली जाते. काळी पिकवायची, पांढरी राहायची. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झालेल्या जागी भिंतींची माती, राख, शेण, हाडे, खापरे साचून करड्या-पांढऱ्या मातीचे टेकाड तयार होते. शेतकऱ्यांना ही माती खत म्हणून हवी असते, म्हणून ती गाड्या भरभरून नेली जाते. संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठी जोर्वे गावाला असेच एक टेकाड होते. १९५०–५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिकबरोबर इथेही उत्खनन केले. लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, उत्तम भाजलेली, चोच असलेली भांडी निघाली. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या. लोखंडाचा मागमूस नाही. सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात शेती करणारी, गावे वसवणारी माणसे होती याचा तो ठोस पुरावा होता. पुढे ही भांडी गोदावरी, प्रवरा, घोड, तापी या नद्यांच्या खोऱ्यांत जागोजागी सापडली. त्या सगळ्या संस्कृतीला आज जगभरचे अभ्यासक या लहानशा गावाच्या नावाने ओळखतात. तिचा काळ साधारणतः इ.स.पू. १४०० ते ७०० असा मानला जातो.

जोर्व्याचे टेकाड लहान होते. खरी खाण पुढे होती, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, नेवाशाला.

नेवासे म्हटले की मराठी माणसाला ज्ञानेश्वर आठवतात, पैस खांब आठवतो. तिथून जवळच असलेल्या लाडमोड टेकडीवर १९५४ ते १९५६ असे दोन हंगाम आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात सांकलिया आणि त्यांचे सहकारी उतरले. त्यांच्या अहवालाच्या नावातच खोदण्याची दिशा आहे: इतिहासाकडून प्रागितिहासाकडे. वरच्या थरात मुसलमानी आणि मराठा अमदानीतल्या वस्तू. त्याच्या खाली सातवाहनांचे नेवासे, आणि त्यात रोमहून मद्य भरून आलेल्या दोन कानांच्या सुरयांची खापरे. म्हणजे लव्हक्राफ्टने कल्पिला तसा रोमन थर नेवाशाला खरोखरच लागला होता. आणि त्याच्याही खाली, जुन्या काळ्या मातीलगत, हाडे होती.

जोर्वे संस्कृतीच्या घरांच्या जमिनी सापडत गेल्या. चोपलेली माती, शेणाने सारवलेली, कडेला खांबांची भोके, एखादी चूल. आणि त्या सारवलेल्या जमिनीत मधूनच एक वेगळ्या रंगाचे गोल किंवा लांबट ठिगळ. तिथे माती हलकी लागे. हात थांबवून, करणी ठेवून, ब्रशने माती बाजूला केली की दोन रांजण दिसत. आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावलेले. आत लहान मूल. कधी नुकते जन्मलेले, कधी वर्षा-दोन वर्षांचे. शेजारी एखादे छोटे भांडे. असे एक नाही, दोन नाही. नेवाशाला डझनांनी सापडले, पुढे प्रवरेकाठच्याच दायमाबादला आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावलाही सापडत राहिले. घराघरांत, वावरण्याच्या जागेखाली, जिथे रोज चूल पेटत होती तिथून हातभर अंतरावर.

भयकथेच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा असेच हे दृश्य आहे. घराच्या पोटात पुरलेली मुले म्हटले की आपल्या मनात आधी बळी येतो. बांधकामाला बळी मागणाऱ्या पुलांच्या आणि तटांच्या दंतकथा आपण ऐकलेल्या असतात. पण मातीने जे सांगितले ते तसे नव्हते. हाडांवर हत्येच्या खुणा नव्हत्या. वयाचा हिशेब पाहिला तर बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली होती, आणि त्यांतही अगदी तान्ही फार. औषध नसलेल्या, दुष्काळाला आणि साथीला उघड्या असलेल्या कोणत्याही शेतकरी समाजात मुले ज्या वयात जात, नेमक्या त्याच वयात ही गेली होती. त्यांना गावाबाहेर टाकले नव्हते, नदीत सोडले नव्हते. घरातलाच चांगला रांजण घेऊन, त्याची कूस करून, घरातच ठेवले होते. ज्याची भीती वाटते त्याला कोणी आपल्या झोपायच्या जागेखाली ठेवत नाही.

नेवाशातल्या अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजार वर्षांत ज्या मातीत कापड टिकत नाही, तिथे त्या माळेचा दोरा टिकला होता, कारण तांब्याचे क्षार त्यात मुरले होते आणि त्यांनी किडीला, बुरशीला जवळ येऊ दिले नाही. दोऱ्याची तपासणी केली ए. एन. गुलाटी यांनी. मोहेंजोदडोला मिळालेला सुताचा अवशेष कापसाचा आहे हे १९२०च्या दशकात ए. जे. टर्नर यांच्याबरोबर दाखवणारे तेच हे तंतुतज्ज्ञ. नेवाशाचा दोरा रेशमाचा निघाला, कापसाचे तंतू मिसळलेला. भारतातल्या रेशमाच्या प्राचीनतेची चर्चा आजही या दोऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. प्रवरेकाठच्या मातीच्या घरात रेशीम कुठून आले असेल? ते जंगली किड्यांचे असावे असे मानले जाते. कोणीतरी जंगलातून कोश आणले, तंतू काढला, कापसाबरोबर पिळला, त्यात तांब्याचे मणी ओवले, आणि ती वस्तू मुलाच्या गळ्यातून काढून घेतली नाही. तांबे तेव्हा दुर्मिळ होते. ही माळ कोणाच्याही उपयोगी पडली असती.

प्रौढांची गोष्ट मात्र वेगळी निघाली, आणि इथे भीती खरोखरच दारात उभी राहते.

प्रौढ माणसाला रांजणात न घालता जमिनीतल्या खड्ड्यात आडवे, डोके उत्तरेकडे करून पुरलेले असे. डोक्यापासून खाली सगळी हाडे जागच्या जागी. मांड्या, नडगी, घोटे. आणि तिथे सांगाडा संपे. पावले नसत. एखाद्या सांगाड्याची पावले उंदरांनी नेली, पुराने वाहून गेली, नांगराने उखडली असे म्हणता आले असते. पण नेवाशाला तेच, पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला तेच, इनामगावला पुन्हा तेच. घोट्याच्या खालचा भाग पुरण्याआधी मुद्दाम काढला जात होता, याच निष्कर्षापाशी उत्खनक आले.

इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ असे दीर्घकाळ चालले. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी ते केले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, भूत होऊन घरी परत येऊ नये, म्हणून त्याचे पाय तोडले जात असावेत, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. हा तर्क आहे, हाडे हेतू सांगत नाहीत. पण तर्क लंगडा नाही. घराच्या आवारात पुरायचे आहे, नाते तोडायचे नाही, आणि तरीही रात्री त्याने उठू नये असे वाटते आहे. या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या करायच्या तर असेच काही करावे लागेल. मराठी मुलखात भूत ओळखायची खूण आजही पायच आहे: त्याची पावले उलटी असतात. या दोन गोष्टींमध्ये तीन हजार वर्षे आहेत आणि त्यांना जोडणारा धागा कोणी दाखवू शकत नाही. तसा तो सरळ ओढून दाखवण्याचा मोह टाळलेलाच बरा.

अपवादही सापडला, आणि तो बोलका आहे. इनामगावच्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या आवारात, चार पाय असलेल्या कच्च्या मातीच्या एका मोठ्या रांजणात, बसलेल्या अवस्थेतला एक प्रौढ पुरुष मिळाला. त्याची पावले शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा असे उत्खनकांना वाटले. म्हणजे परत येण्याची भीती सगळ्यांच्या बाबतीत सारखी नव्हती. काहींनी उठून चालत यावे, निदान चालू शकावे, असे गावाला वाटत होते.

सत्तरच्या दशकात सगळ्यांचे लक्ष खेचून घेतले ते दायमाबादने. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर बी. पी. बोपर्डीकर यांनी हे ठिकाण १९५८ मध्ये हेरले, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने म. न. देशपांडे यांनी त्याच हंगामात तिथे पहिले उत्खनन केले. त्यानंतर पंधरा वर्षे टेकाड तसेच राहिले. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल हा तिथला शेतकरी जळणासाठी झाडाचे खोड मुळासकट उपटायला खणत होता. कुदळ धातूवर आदळली. खालून निघाले चार कांस्य पुतळे: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा असलेला माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. रथच जवळजवळ हातभर लांब. नागाने राखलेला हंडा ज्या मुलखात शतकानुशतके शोधला गेला, तिथे एका गरीब माणसाला कोणतेही अंजन न घालता, कोणाचाही बळी न देता हे सापडले.

या पुतळ्यांनी एस. आर. राव यांना १९७४–७५ मध्ये आणि एस. ए. साळी यांना १९७५ ते १९७९ या काळात दायमाबादला आणले. साळींच्या खोदकामात पाच संस्कृतींचे थर एकावर एक असे उलगडले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा मिळाल्या आणि कच्च्या विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यात पुरलेला एक माणूस मिळाला. सिंधूच्या माणसांची पावले इतक्या दक्षिणेला पोचल्याचा हा मोलाचा पुरावा. पुतळ्यांचा काळ मात्र वादात राहिला. ते थरांतून निघालेले नव्हते. डी. पी. अग्रवाल यांनी त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून ते हडप्पाकालीन मानण्यावर आक्षेप घेतला. वस्तू कोणत्या थरातून आली हे एकदा निसटले की ती कितीही सुंदर असो, तिचे वय पुन्हा मातीतून विचारता येत नाही. हंडा शोधणाऱ्यांमुळे पुरातत्त्वाचे जे नुकसान होते ते नेमके हेच.

जोर्वे माणसांचे पुढे काय झाले? नेवासा आणि दायमाबाद इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली. इनामगाव आणखी तीनेकशे वर्षे तगले, पण त्याची रया गेली. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती बुडाली, माणसे पुन्हा गुराखी आणि शिकारी झाली, असे चित्र ढवळीकरांनी मांडले. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास केला. दात हा शरीराचा असा भाग आहे की बालपणीच्या आजाराची आणि उपासमारीची रेघ त्याच्या वरच्या थरात कायमची उमटते.

त्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासिकेने नेवासा, दायमाबाद आणि इनामगाव या तिन्ही ठिकाणची मुलांची हाडे पुन्हा मोजली आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. रांजणांतल्या त्या मुलांची वये दातांवरून, उंची आणि वजनाचा अंदाज हाडांच्या लांबी-जाडीवरून. उत्तर जोर्वे काळातली, म्हणजे त्या शेवटच्या तीनेकशे वर्षांतली, इनामगावची मुले वयाच्या मानाने खुरटलेली निघाली. त्यांना पुरेसे खायला मिळत नव्हते. आई-बापांनी रांजणाला रांजण लावणे तेव्हाही चालू ठेवले होते, घरे गोल आणि लहान झाली तरी.

शुग यांनी पावसाच्या अभावाचा सोपा खुलासा मान्य केला नाही. हवामान एकाएकी बिघडल्याचा पुरावा त्या काळासाठी पुरेसा नाही. शेतीच्या पद्धतीने जमिनीचा कस गेला, वाढलेल्या वस्तीला ती पुरेना, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हा वाद मिटलेला नाही. नद्यांच्या गाळातून, परागकणांतून, तळ्यांच्या तळच्या थरांतून जुना पाऊस मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष दर वेळी एकाच दिशेने जात नाहीत. लाडमोड टेकडीवर मात्र जोर्वे थर आणि सातवाहनांच्या थराच्या मध्ये काही शतकांचे अंतर स्पष्ट दिसते. त्या काळात नेवाशाला कोणी राहत नव्हते. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपास लोखंड वापरणारी नवी माणसे आली आणि त्यांनी त्याच टेकाडावर, त्या रांजणांच्या वर, आपल्या घरांचे पाये घातले.